काचमास्तरांचं बोट

काकू लग्न होऊन काचवाल्यांच्या घरात आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातून एक गंभीर गुन्हा घडला. स्वयंपाकघरातून त्या मोठ्यांदा ओरडल्या, "अहो, काचेची बशी फुटली!"

पुढच्या खोलीत दुकान. तिथे एकदम सामसूम झाली. सासऱ्यांनी हातातला हिरा टेबलावर ठेवला. काच कापायच्या लेखणीला त्या धंद्यात हिराच म्हणतात. मग ते आत आले आणि सुनेसमोर उभे राहून अगदी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, या घरात काच फुटत नाही. वाढते. बांगडी वाढते ना, तशी."

त्यानंतर महिनाभराने धाकटा दीर दारातून हाका मारत आला, "वहिनी, मोठी काच वाढली!" तेव्हा ह्या म्हणाल्या, "किती वाढली? फ्रेममध्ये बसेल ना अजून?" हा किस्सा त्या गल्लीत पुढे कितीतरी वर्षं पुरला. सांगणाऱ्यांनी त्यात मोजपट्टीही घुसवली. काकूंचं म्हणणं, मोजपट्टी नव्हती. असेलही नसेल, पण मोजपट्टीशिवाय किस्सा तेवढा रंगत नाही हे काकूही आता मान्य करतात.

तर असं ते घर. पुढे दुकान, मागे संसार, मध्ये एक पडदा. भिंतीला टेकून काचांचे तक्ते उभे, छताला तसबिरींच्या चौकटी टांगलेल्या, कोपऱ्यात काच चौकटीत बसवायच्या लुकणाचा डबा आणि खिडकीशी पाण्याच्या घमेल्यात ठेवलेला घासायचा दगड. सासरे गेले, मग मोठा मुलगा, म्हणजे काकूंचा नवरा, गादीवर आला. त्यालाच सगळे काचमास्तर म्हणायचे. तो काच कापायचा, काकू कड घासायच्या. कापलेल्या काचेची कड सुरीसारखी असते. ती ओल्या दगडावर घासून घासून बोथट केली की मगच ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. काकूंनी घासली की मास्तर ती काच उचलायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची तर्जनी कडेवरून अशी फिरवायचे की जणू मांजराच्या पाठीवरून हात फिरवतायत. मग निकाल.

"पास."

किंवा, "कोपऱ्याला घाई केलीस."

काकू तोंड वाकडं करायच्या, पण कोपरा पुन्हा घासायच्या. कारण मास्तरांचं बोट चुकत नसे. डोळा चुकेल, मोजपट्टी चुकेल, बोट नाही. गल्लीत म्हणायचे, मास्तरांनी बायकोचं कौतुक आयुष्यात फक्त बोटानं केलं, तोंडानं कधी नाही.

आणि कापल्याचं म्हणाल, तर त्याला त्या दुकानात कापणं म्हणतच नव्हते. 'काचेनं सही केली' म्हणायचे. मास्तरांच्या दोन्ही हातांवर सह्याच सह्या. कोणी नवीन माणूस आला की ते बाह्या वर करून त्या दाखवायचे. ही आरशाची, ही दवाखान्याच्या खिडकीची, ही मेव्हण्याच्या माशांच्या टाकीची. इलाज ठरलेला: फ्रेमच्या पाठीला लावायची तपकिरी कागदी पट्टी घ्यायची, थुंकी न लावता, पाण्यानं ओली करायची (यात सासरे फार स्वच्छतेचे), दोन वेढे घट्ट मारायचे आणि पुढच्या काचेला हात घालायचा. "डॉक्टरकडे जातो तो काचवाला कसला?" हे सासऱ्यांचं वाक्य. सासरे स्वतः चहा पिताना उजवी करंगळी ताठ उभी ठेवायचे. गल्ली म्हणायची, म्हातारा शौकीन आहे, साहेबासारखा चहा पितो.

आता त्या दिवसाचं सांगायचं.

सकाळपासून घाई होती. नाच शिकवणाऱ्या एका बाईंच्या वर्गासाठी भिंतभर आरसा तयार झाला होता आणि संध्याकाळपर्यंत तो पोचवायचा होता. दीर आणि मास्तर, दोघांनी तो आरसा हातांवर तोलत बाहेर आणला, टेम्पोच्या पाठीवरच्या तिरप्या चौकटीत टेकवला, मध्ये पोती घातली, दोऱ्या आवळल्या. तोपर्यंत सगळं नीट. दीर टेम्पोला फडकं मारत बसला. मास्तर आत आले आणि आरसा निघेपर्यंत हातासरशी एक लहानसं काम उरकावं म्हणून एका तसबिरीची काच कापायला घेतली. तिथंच कापताना सुटलेली काचेची अरुंद पट्टी त्यांच्या उजव्या मुठीत सरकली.

काकू तेव्हा दगडावर होत्या. त्यांनी फक्त एवढंच ऐकलं की मास्तर जरा जोरात 'स्स' म्हणाले. मान वळवली तर ते पाठमोरे, रिळावरची कागदी पट्टी दातानं तोडतायत.

"सही?" काकूंनी विचारलं.

"सही. बारीक."

"बघू."

"बघायचंय काय त्यात? आयुष्यभर बघतेच आहेस."

तळहातावर तर्जनीच्या मुळाशी दोन वेढे बसले. रक्त फारसं नव्हतं. काच तशी सफाईदार कापते, आत कितीही गेली तरी वरून रेघच दिसते. काकूंनी ओल्या हातांनी पदर खोचला आणि पुन्हा दगडाकडे वळल्या. त्यांच्यासमोर दोन काचा होत्या. एक घासून झालेली, एक व्हायची. मास्तर मागून आले, त्यांनी एक काच उचलली, सवयीनं डोळे मिटले आणि बोट फिरवलं.

"पास," ते म्हणाले. "आज काय सुरेख घासलीस गं. लोणी."

तोंडानं कौतुक! काकूंना क्षणभर खरंच बरं वाटलं. मग त्यांची नजर काचेवर गेली.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही मी घासलेलीच नाही अजून."

मास्तर हसत होते. बायकोनं थट्टा केली असंच त्यांना वाटलं. आणि त्या काचेच्या कडेला, बोट जिथून जिथून गेलं होतं तिथून तिथून, एक लाल रेघ उमटत होती. टोकाशी आली, फुगली आणि टपकन टेबलावर पडली. मास्तरांच्या तर्जनीचं पेर उभं चिरलं होतं. ते अजून काकूंच्याच तोंडाकडे बघत होते, हसत.

"अहो, बोट!"

"काय बोट?" त्यांनी खाली पाहिलं. आणि मग त्यांचं हसू असं हळूहळू गेलं, की काकू आजही तो चेहरा कुणाला वर्णन करून सांगत नाहीत. एरवी त्या काय काय सांगत नाहीत!

"दुखत नाहीये," मास्तर म्हणाले. पुन्हा म्हणाले, "दुखत नाहीये गं."

काकूंनी धुतलेला पंचा घेतला, हातावर घट्ट दाबला आणि हात वर धरायला लावला. तेवढ्यात दारात अर्धाडॉक्टर हजर. हा समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर. गल्लीत कुठे काही सांडलं, पडलं, रडलं की हा डॉक्टरांच्या आधी पोचायचा, म्हणून हे नाव. माणूस वाईट नाही, पण उत्साह फार.

"मास्तर! अहो, कधी नव्हे ते! आणा समोर. दोन टाके. आमच्या डॉक्टरबाईंचे टाके म्हणजे रफू. महिन्यानं कुठे कापलं होतं ते तुम्हालाच शोधावं लागेल. थांबा, आधी गोड चहा घ्या, चक्कर येईल नाहीतर." आणि त्यानं स्वतःच्या हातातला कप पुढे केला.

मास्तरांनी तो डाव्या हातात घेतला. कप ओठांपर्यंत गेला, आणि काकूंना एकदम सासरे दिसले. तसाच कप, तशीच मान आणि ती ताठ करंगळी. इतकी वर्षं शौक म्हणून बघितलेली. चहा पिताना ताठ, जेवताना ताठ, आजारपणात अंथरुणावर मूठ मिटायची तेव्हाही एकटी बाहेर राहिलेली. शौक झोपेत कोण करतं?

"ठेवा तो कप," काकू म्हणाल्या. "चला."

दवाखाना म्हणजे समोरची दोन पायऱ्या चढून एक खोली. डॉक्टरीणबाई वयस्कर, बोलायला फटकळ. त्यांनी पट्टी पाण्यानं भिजवून सोडवली, जखम धुतली, पाहिली. टेबलावर सुई-दोऱ्याचा ट्रे अर्ध्याडॉक्टरनं आधीच मांडून ठेवला होता. बाईंनी तो हातानं बाजूला सारला.

"मास्तर, खिडकीबाहेर बघा. मी बोटाला हात लावला की सांगा."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर त्यांचाच टेम्पो, आरशात दवाखान्याचं दार. बाईंनी कागदाला लावायच्या टाचणीची बोथट बाजू घेतली आणि तर्जनीच्या अंगठ्याकडच्या बाजूवर टेकवली. पेरावर, मधल्या कांड्यावर, खाली. काकू बघत होत्या. बाईंनी टाचणी दाबली, जरा जोरात दाबली.

"लावा की हात, बाई," मास्तर बाहेर बघतच म्हणाले. "किती वेळ ताटकळत ठेवणार?"

अर्धाडॉक्टरसुद्धा गप्प, म्हणजे बघा.

"झालं बघून," बाई म्हणाल्या. "वळा इकडे. मी टाके घालणार नाही."

"का?" मास्तर जरा चिडलेच. "सगळ्या गल्लीला घालता. इस्त्रीवाल्याच्या डोक्याला घातलेत, त्यात मेंदू नसताना."

"इस्त्रीवाल्याचं कातडं फाटलं होतं. तुमच्या बोटाची शीर तुटली आहे. रक्ताची नव्हे, जिच्यातून कळतं ती. वरून मी असं सुरेख शिवीन की तुम्ही मला पेढे द्याल, आणि आत ती तुटलेली दोन टोकं तशीच राहतील. शिवलेलं दिसलं की तुम्ही परत कुठे जाणार नाही, मी ओळखते तुम्हाला. म्हणून शिवत नाही."

"चौकातलं नर्सिंग होम जवळ आहे," अर्धाडॉक्टर म्हणाला. "काचेचं दार, आत थंडगार..."

"तिथेही कातडंच शिवतील. हाताची शस्त्रक्रिया करणारा माणूस तिथे नाही. नदीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात आहे. मी फोन करते. आजच जायचं, आत्ता. उद्या बघू, आरसा पोचवून बघू, हे नाही." बाईंनी जखमेवर जाळीचं कापड ठेवलं, वर पट्टी बांधली आणि मग मास्तरांकडे न बघता काकूंकडे बघून बोलू लागल्या. कुणाशी बोलायचं हे डॉक्टरांना कळतं. "हात छातीच्या वर. पट्टी भिजली तर सोडायची नाही, वरून दाबायचं. काही खायचं नाही, प्यायचं नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. भूल द्यावी लागली आणि पोटात काही असलं, तर तासन्‌तास थांबवतील. आणि तिथे जाऊन 'कापलंय' म्हणू नका. कापलेले तिथे बाकावर ओळीनं बसलेले असतात. म्हणायचं, 'काचेनं, तळहातावर, बोट बधिर आहे.' पाठ करा."

"काचेनं, तळहातावर, बोट बधिर आहे," काकू म्हणाल्या.

"धनुर्वाताचं इंजेक्शन इथे देते. बाकी तिथे."

बाहेर दीर टेम्पोपाशी उभा होता. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याला सगळे गोगलगाय म्हणत. काच वाहणारा माणूस तो. खड्डा त्याला आधीच्या वळणावरूनच दिसायचा, गतिरोधकावर तो टेम्पो असा चढवायचा की झोपलेलं मूल जागं होऊ नये. सायकली त्याला ओलांडून जायच्या, म्हातारे काठी टेकत ओलांडून जायचे. त्याला त्याचा अभिमान होता. "माझ्या गाडीत आजवर एकही काच वाढलेली नाही," हे तो मुलगी बघायला गेला होता तेव्हाही सांगून आला होता. लग्न जमलं, ते त्यामुळे की तरीसुद्धा, हा वेगळा विषय.

"आरसा उतरवू का?" त्यानं विचारलं.

उतरवायला दोन धडधाकट माणसं लागली असती आणि त्यातलं एक हात वर करून उभं होतं.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "चला भाऊजी, तसंच."

पुढच्या बाकावर तिघं. मध्ये मास्तर, उजवा हात वर केलेला, शपथ घेतल्यासारखा. रस्त्यावरची दोन माणसं ओळखीचं समजून उलट हात हलवून गेली. मास्तरांना त्यातही हसू आलं असतं एरवी. आता ते अंगठ्यानं तर्जनीला सारखं चाचपून बघत होते, जसं रिकाम्या घराचं दार वाजवून बघावं.

"दादा, जरा सरबत घेऊ का? रंग उतरलाय तुझा," दीर म्हणाला.

"काही घ्यायचं नाही," काकू म्हणाल्या.

"घोटभर गं," मास्तर म्हणाले. "घसा सुकलाय."

"सुकू दे."

टेम्पो चालला होता. चालला होता म्हणजे अक्षरशः चालत होता. बाजारपेठ आली, गर्दी आली, पुढे वाहनांची रांग. मागे लादलेल्या आरशात साऱ्या रस्त्याचं तोंड दिसत होतं. एक स्कूटरवाला मागे थांबला, त्यानं खिशातून कंगवा काढला आणि भांग पाडला. एका बाईनं टिकली सरळ केली. कोणीतरी दात बघितले. आणि पुढे बसून काकू मास्तरांच्या हातावरच्या पट्टीकडे बघत होत्या, जिच्या मधोमध पैशाएवढा लाल ठिपका आला होता आणि मोठा होत होता. त्यांनी वरून तळवा दाबून धरला.

रांग सुटली. पूल दिसू लागला. पुलाच्या अलीकडे रस्ता उखडलेला, आणि दिराचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. टेम्पो एकेक खड्डा विचारत विचारत उतरू लागला. उतर, थांब. चढ, थांब.

"भाऊजी, जोरात घ्या."

"वहिनी, मागे आरसा आहे."

"मला माहितीये मागे काय आहे ते. जोरात घ्या."

"अहो वहिनी, पण एवढी मोठी काच, जरा दणका बसला तर..."

"फुटली तर फुटू दे!"

दिरानं मान वळवून वहिनीकडे पाहिलं. मास्तरांनीही. सासरे वर कुठे असतील तिथे त्यांनीही हिरा खाली ठेवला असेल. त्या बशीनंतर या घरात हा शब्द, त्यातही आज्ञार्थी, कोणी उच्चारला नव्हता. काकूंचं लक्ष नव्हतं. त्यांची नजर त्या ठिपक्यावर होती.

"ऐकलंत ना? फुटू दे. चौकट, दोऱ्या, नाचवाल्या बाई, सगळं फुटू दे. गाडी पळवा."

आणि गोगलगाय पळाली. अहो, काय पळाली! पहिल्या खड्ड्यात तिघांची डोकी छताला लागली. दुसऱ्यात मागून असा आवाज आला की दिरानं डोळे मिटले, जे गाडी चालवताना मिटू नयेत. काकू ओरडल्या, "डोळे उघडा!" पुलावरून टेम्पो अशा वेगानं गेला की त्याला रोज ओलांडणारे एक म्हातारे कठड्याला टेकून बघतच राहिले. मागे काय झालं ते कोणीही वळून पाहिलं नाही. तिघांनाही पाहायचं नव्हतं.

रुग्णालयाच्या अपघात विभागात बाकं भरलेली. टेबलामागे एक सिस्टर, मान खाली, पेन चालू.

"काय झालंय?"

"काही नाही हो," मास्तर काकूंच्या आधीच म्हणाले, "काचेची बारीक सही आहे. गर्दी असेल तर आम्ही बसतो."

"बसा," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. पट्टी इतकी नीटनेटकी होती की त्यांनाही ती साधीच वाटली.

काकूंनी नवऱ्याला कोपरानं असं मागे सारलं की तो दिराच्या अंगावर जाऊन आदळला. "काचेनं, तळहातावर, बोट बधिर आहे," त्या एका दमात म्हणाल्या. "कडेला काही कळत नाही. चिरलं तरी कळलं नाही. आमच्या बाईंनी फोन केलाय. सकाळच्या चहानंतर पोटात काही नाही."

पेन थांबलं. सिस्टरनी मान वर केली.

"कुठलं बोट?"

"तर्जनी. उजवी."

"काम काय करतात?"

"काच कापतात. बोटानं कड बघतात," काकू म्हणाल्या, आणि इतका वेळ न थरथरलेला त्यांचा आवाज तिथे मात्र चिरकला. "त्यांचं बोट चुकत नाही हो."

सिस्टर उठल्या.

मग एक्सरे झाला, आत काचेचा तुकडा राहिलाय का ते बघायला. नव्हता. मग सर्जन आला. तरुण, केस विस्कटलेले, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. मास्तरांना पहिल्याच नजरेत तो आवडला नाही, कारण त्याच्या चष्म्याच्या काचेवर ओरखडा होता. त्यानं बोट वाकवायला लावलं, सरळ करायला लावलं, दोन टोकांचं काहीतरी घेऊन टोचून पाहिलं. मग टेबलाच्या कडेवर बसला.

"स्नायूची दोरी थोडक्यात वाचलीय. शीर तुटलीय. आज संध्याकाळी भिंगाखाली टोकं जुळवून शिवतो. केसापेक्षा बारीक दोरा असतो."

"मग कळायला लागेल?" काकूंनी विचारलं.

"लगेच नाही. शीर मुळापासून बोटाच्या टोकाकडे पुन्हा वाढत जाते, मुंगीच्या पावलानं. महिने लागतात."

"पण कळेल?"

सर्जननं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "खोटं कशाला सांगू? काहींना बरंचसं कळतं, काहींना जाडंभरडं, काहींना नाही. तुम्ही आजच आलात, जखम ताजी आहे, वरून शिवून आणली नाहीत. हे सगळं तुमच्या बाजूचं आहे."

"आणि नाहीच कळलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर बोटाचं काम डोळ्यांनी करायचं. सांभाळून."

आत नेताना, चाकांच्या गाडीवर आडवे पडलेले असताना, मास्तरांनी डाव्या हातानं काकूंचा पदर धरला. लग्नाच्या इतक्या वर्षांत चारचौघांत हे पहिल्यांदा.

"बाबांची करंगळी," ते हळूच म्हणाले. "तो शौक नव्हता गं."

"माहितीये," काकू म्हणाल्या. "सोडा पदर, फाटेल."

दार बंद झालं. काकू बाकावर बसल्या आणि तेव्हा त्यांना कळलं की आपले हात घासायच्या दगडाच्या पांढऱ्या भुकटीनं अजून तसेच बरबटलेले आहेत. तशाच त्या फिरत होत्या दिवसभर. बऱ्याच वेळानं दीर आला, धापा टाकत.

"वहिनी."

"काय?"

"आरसा."

"काय आरसा?"

"वाढला नाही. ओरखडासुद्धा नाही. तिथल्या दोघांना हाताशी घेऊन बाईंच्या भिंतीला लावून आलो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. काळजी भावाची, की अभिमान आरशाचा, हे त्यालाही सांगता आलं नसतं. "पण वहिनी, तुम्ही तो शब्द..."

"कोणाला सांगाल तर याद राखा."

म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गल्लीला माहीत.

शस्त्रक्रिया झाली. मास्तर हाताला पाठीमागून फळी बांधून घरी आले. गल्ली भेटायला आली आणि प्रत्येकानं विचारलं, कळायला लागलं का? अर्धाडॉक्टर तर रोज. लोकांची विचारपूस कधी कधी खाजेसारखी असते, जिथे नको तिथेच उठते. फळी सुटली, व्यायाम सुरू झाले, आणि एक दिवस मास्तर सगळ्यांना सांगू लागले, "येतंय हळूहळू. कळतंय."

काकू ऐकत होत्या. चहाचा गरम कप तर्जनीला लागत असताना ते निवांत गप्पा मारायचे, हेही त्या बघत होत्या. दुकान चालू होतं. मास्तर डाव्या हातानं आणि डोळ्यांनी काम करत, कडा काकू स्वतःच्या बोटानं तपासत आणि गिऱ्हाइकाला देत. पास कोणी म्हणत नव्हतं.

मग काकूंनी एक चाल केली. दुकान बंद असेल त्या दुपारी त्या मास्तरांना समोर बसवायच्या, डोळे मिटायला लावायच्या आणि दोन काचा पुढे करायच्या. "एक घासलेली आहे, एक कच्ची. सांगा कुठली कुठली?"

मास्तर बोट फिरवायचे. सावकाश, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणायचे, "डावी कच्ची."

"बरोबर," काकू म्हणायच्या.

पुढच्या वेळी, "उजवी कच्ची."

"बरोबर."

मास्तरांचा चेहरा उजळायचा, ते संध्याकाळी पारावर जाऊन बसायचे आणि काकू आत जाऊन भांडी जरा जास्तच आवाज करत घासायच्या. कारण दोन्ही काचा घासलेल्या असत. दरवेळी. त्या बोटासमोर कच्ची कड धरायची काकूंची छाती नव्हती. मास्तर अंदाजानं बोलत होते आणि काकू बरोबर म्हणत होत्या. दोघं मिळून एक खोटं सांभाळत होते, एक जण डोळे मिटून, एक जण उघडे ठेवून.

थंडी आली, गेली. उन्हं तापू लागली. अशाच एका दुपारी पडदा सोडलेला, दगड घमेल्यात भिजत पडलेला, मास्तर डोळे मिटून बसले. काकूंनी दोन काचा धरल्या. त्यांनी डावीवरून बोट नेलं. मग उजवीवरून. मग पुन्हा डावीवर गेले, कोपऱ्यापर्यंत, आणि थांबले. तिथून हललेच नाहीत. कपाळावर आठ्या पडल्या, पण नेहमीच्या नव्हेत.

"अगं," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

"काय?"

"फसवतेस होय मला? दोन्ही घासलेल्या आहेत."

काकूंनी दोन्ही काचा खाली ठेवल्या.

"अंधुक कळतंय. जाड कापडातून लागावं तसं. पण दोन्ही बोथट आहेत." त्यांनी डोळे उघडले आणि बायकोकडे पाहिलं. मग त्यांच्या मनात काहीतरी मागे मागे जाऊ लागलं, एकेक दुपार. "म्हणजे... एवढे दिवस?"

"एवढे दिवस दोन्ही घासलेल्याच होत्या."

"आणि तू बरोबर म्हणायचीस?"

"तुम्ही कळतंय म्हणायचात, मी बरोबर म्हणायचे. नवरा-बायकोत एकानंच का खोटं बोलावं?"

मास्तरांनी ते बोट तोंडासमोर धरून पाहिलं, पेरावरच्या त्या उभ्या वणासकट. मग डावी काच उचलून काकूंच्या हातात दिली.

"कोपऱ्याला घाई केलीस," ते म्हणाले.

काकूंनी स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. केली होती. त्यांनी नाक ओढलं, पदर खोचला आणि दगडासमोर जाऊन बसल्या.